पाहुण्याची बाजू

वर्ध्याला जाऊन आले म्हटलं की लोक आश्रमाबद्दल विचारतात. मी आश्रम पाहिला नाही. मी तिथल्या एका महाविद्यालयातले पांढरे उंदीर पाहायला गेले होते आणि सगळे दिवस त्यातच गेले. पुण्यात माझं कामच ते आहे. उंदीर एकमेकांशी कसे वागतात ते बघायचं आणि तेव्हा त्यांच्या मेंदूत काय चालतं याचा अंदाज बांधायचा. माझी आई शेजाऱ्यांना "ती औषधांच्या कंपनीत आहे" असं सांगते, आणि मीही ते दुरुस्त करायच्या फंदात पडत नाही.

बोलावणं मंजूषाचं होतं. ती त्या महाविद्यालयात शिकवते आणि नोकरी सांभाळून डॉक्टरेट करते. प्रबंध देण्याआधी बाहेरच्या कुणीतरी काम नजरेखालून घालावं असं तिच्या मार्गदर्शकांनी सुचवलं, म्हणून तिने मला आलेख पाठवले. आलेख फार सुंदर होते. इतके सुंदर आलेख आमच्या धंद्यात क्वचित निघतात, म्हणून मी बॅग भरली.

जाम

चंद्रपूरला एक व्याख्यान होतं. ते उरकून नागपूरच्या बसने निघाले आणि जामच्या चौफुलीवर उतरले. एप्रिल संपत आला होता. बसमधून पाय खाली टाकला आणि आपण भट्टीच्या तोंडाशी उभे आहोत हे कळलं. ट्रक, ढाबे, टायरची दुकानं आणि उसाच्या रसाच्या गाड्या, सगळं उन्हात पांढरं पडलेलं. एका टपरीवर पोहे मागितले. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं आणि लिंबू येतं. इथे पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात. मी "थोडीच घाला" म्हटलं. टपरीवाल्याने मान डोलावली आणि नेहमीइतकी घातली. मी डोळे पुसत सगळे खाल्ले.

तेवढ्यात गाडीतून एक बाई उतरली, डोळे सोडून सगळं डोकं-तोंड ओढणीने गुंडाळलेली. ती थेट माझ्यापाशी येऊन ओढणी सोडू लागली तेव्हा आतून मंजूषा निघाली. पस्तिशीची, हसऱ्या तोंडाची, भरभर बोलणारी. "मॅडम, तुम्ही अशाच उघड्या डोक्याने आल्या?" असं म्हणत तिने गाडीतली दुसरी ओढणी काढून माझ्या डोक्याला बांधली. लहान मुलीला शाळेत पाठवताना बांधावी तशी.

वर्ध्याकडच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी नांगरून टाकलेली काळी रानं होती आणि बांधाबांधावर पऱ्हाट्यांचे ढीग, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेली वाळकी झाडं. गाडी चालवता चालवता मंजूषा आपल्या उंदरांबद्दल बोलत होती. वाचकांसाठी ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

मंजूषाचं काम ऑटिझमवर आहे, पण उंदराला ऑटिझम होत नाही. ती माणसाची गोष्ट. उंदरात आपण तिचा एखादा पैलू उभा करतो आणि त्यामागे मेंदूत काय घडतं ते शोधतो. मंजूषाची रीत जुनीच होती. फिट येणाऱ्या माणसांना देतात ते एक औषध गाभण मादीला टोचायचं. पिलं धडधाकट निपजतात, पण मोठी झाली की दुसऱ्या उंदराकडे फारशी फिरकत नाहीत. त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात इतर पेशींना आवर घालणाऱ्या पेशी कमी दिसतात. आवरणारं कोणी नसलं की तिथे गलका वाढतो आणि त्या गलक्यात समोर आलेल्या दुसऱ्या जिवाची खूण नीट उमटत नाही, असा एक अंदाज आहे. हा अंदाजच आहे, हे मी व्याख्यानातही सांगते आणि लोक नेमकं तेवढंच विसरतात.

हे वागणं पाहायला तीन खोल्यांची पेटी असते. मधल्या खोलीत उंदीर सोडायचा. एका बाजूच्या खोलीत जाळीच्या टोपलीखाली अनोळखी उंदीर, दुसऱ्या बाजूला तशीच रिकामी टोपली. साधा उंदीर अनोळख्याकडे जातो, हुंगतो, तिथेच रेंगाळतो. औषध टोचलेल्या मादीची पिलं दोन्हीकडे सारखीच फिरतात, नाहीतर कोपरा धरतात. त्या अनोळखी उंदराला आम्ही पुण्यात एका इंग्रजी अक्षराने ओळखतो. मंजूषाच्या प्रयोगशाळेत त्याला 'पाहुणा' म्हणतात. मला ते नाव फार आवडलं.

हिवाळ्यात मंजूषाची औषधाची पिलं अपेक्षेप्रमाणे पाहुण्याला विचारत नव्हती. मग तिने पुढची वेतं लहानपणापासून मोठ्या पिंजऱ्यात साध्या पिलांच्या गोतावळ्यात वाढवली. उन्हाळ्यात त्यांची परीक्षा घेतली, तर ती साध्या उंदरांसारखीच पाहुण्याकडे धावली. त्यातल्या काहींच्या मेंदूचे काप काढून पाहिले, तर आवर घालणाऱ्या पेशी तितक्याच कमी.

"म्हणजे मेंदू तोच राहिला, पण संगतीने त्याने दुसरी वाट काढली," मंजूषा म्हणाली. हे सांगताना तिने स्टिअरिंगवरचा एक हात उचलला होता.

संगतीने स्वभाव बदलतो हे कोणाला ऐकायला आवडणार नाही? मलाही आवडलं. म्हणूनच आधी ती पेटी स्वतः बघायची, असं मी ठरवलं.

नालवाडी

माझी उतरायची सोय तिच्या सासरी, नालवाडीत होती. वर्धा शहराला लागूनच असलेली ही वस्ती, आणि घर भरलेलं. दारात पाऊल टाकताच मला कूलरसमोरच्या खुर्चीत बसवलं. हा खिडकीएवढा पत्र्याचा कूलर गार वाऱ्याबरोबर अधूनमधून पाण्याचे तुषारही देत होता. बाकीची मंडळी भिंतीकडेला घाम पुसत बसली. मी "तुम्हीही या की" म्हटलं, तर सगळ्यांनी नुसतं हसून पाहिलं. पुण्यात पाहुण्याला आधी "चहा घेणार का?" असं विचारतात आणि "नको" ऐकण्याची आशा ठेवतात. इथे विचारत नाहीत. तासाभरात माझी मान आखडली आणि शिंका सुरू झाल्या, पण खुर्ची हलवायची माझी हिंमत झाली नाही.

जेवायला गोळाभात होता. हरभऱ्याच्या डाळीचे वाफवलेले गोळे भातात कुस्करायचे आणि वरून लसणाची कडकडीत फोडणी घ्यायची. वाढत होती मंजूषाची मोठी जाऊ, रूपाली. चाळिशीच्या आतबाहेरची, बोलायला फटकळ. तिचा सहा वर्षांचा वेद दाराजवळ बसून एका पितळी डब्याची कडी लावत होता आणि उघडत होता. घरातली आणि शेजारची मिळून चार पोरं त्याच्या आजूबाजूला गोंधळ घालत होती. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. डॉक्टरांनी त्याला ऑटिझम असल्याचं तीन वर्षांचा असतानाच सांगितलं होतं.

"आमी नागपूरले राहत होतो, फ्लॅटमंदी," रूपाली मला म्हणाली. "याचे पप्पा आताही तिथंच हायेत, नोकरी हाये ना. रविवारी येतात. याले मी हप्त्यातून तीनदा बोलायच्या क्लासले नेत होती. मंग मंजूनं फोनवर सांगतलं का तिच्या उंदरायचे पिल्लं संगतीत सुधरले. म्हटलं, गावी चार पोरं हायेत, तर त्या फ्लॅटमंदी काऊन बसून राह्यली मी? आली त्याले घेऊन."

"आणि क्लास?" मी विचारलं.

"सोडला."

मंजूषा लगेच म्हणाली, "मी क्लास सोडा नव्हतं म्हटलं, ताई."

"तू नाई म्हटलं. मी सोडला," रूपाली म्हणाली आणि माझ्या भातावर आणखी फोडणी घातली.

तोपर्यंत हा प्रबंधाचा प्रश्न होता. आता त्या आलेखांवर एक मूल बसलेलं होतं.

प्रयोगशाळा

प्राणिगृहातला गारवा बरा होता, पण परीक्षेची खोली जुन्या इमारतीत होती आणि तिथला एसी होळीपासून बंद. त्याऐवजी खिडकीत कूलर लावला होता. उंदरांची देखभाल सुखदेवभाऊ करतात. पन्नाशीचे, सडपातळ, पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात कायम पेन. परीक्षेच्या वेळी कोणता उंदीर औषधाचा आणि कोणता साधा हे मोजणाऱ्याला माहीत नसावं असा नियम आहे. म्हणून मंजूषा शेजारच्या खोलीत कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसायची आणि उंदीर आत सोडायचं काम सुखदेवभाऊंचं.

मी पडद्यापाशी न बसता खोलीतच एका कोपऱ्यात उभी राहिले. पाहुण्याची टोपली खिडकीकडच्या खोलीत ठेवली गेली. उंदीर सोडला, तो तिकडे गेला. पुढचा आणला, पाहुणा पुन्हा खिडकीकडेच. तिसऱ्यालाही तसंच. माझ्या पाठीवरून घामाची धार लागली होती आणि त्या उंदरांचा मला हेवा वाटायला लागला.

"सुखदेवभाऊ, पाहुणा दर वेळी याच बाजूला?"

"हो ना, मॅडम."

"का?"

त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं. "पाहुणा हाये ना तो. टोपल्याखाली बंद राह्यते, त्याले हालता येते का? तिकडं ठेवला तर उकडून जाईन बिचारा. दुसरा मोकळा हाये, तो पाहून घेईन आपलं."

मी मंजूषाला हाक मारली. ती आली आणि अगदी सहज म्हणाली, "हिवाळ्यात बाजू बदलत होतो, मॅडम. उन्हाळा लागल्यावर आम्ही दोघांनी ठरवलं, पाहुण्याला कूलरसमोरच ठेवायचं. जीव आहे शेवटी, आणि पाहुण्याला तर आपण..." ती मध्येच थांबली. एकदा कूलरकडे, एकदा पेटीकडे तिने पाहिलं. माणसाचा चेहरा उतरताना मी इतक्या जवळून फार वेळा पाहिलेला नाही.

मी फक्त एवढंच म्हटलं की पेटी फिरवून बघू. पाहुणा आतल्या अंगाला गेला, रिकामी टोपली खिडकीकडे आली. मग एकामागून एक उंदीर सोडले. साधे काय आणि औषधाचे काय, सगळे रिकाम्या टोपलीपाशी जाऊन पेटीच्या गार तळाला पोट लावून पसरले.

"पाहुण्याले कोणी पुसून नाई राह्यलं," सुखदेवभाऊ हळूच म्हणाले.

सगळा उन्हाळा ती पेटी उंदरांची माणुसकी मोजते आहे असं या दोघांना वाटत होतं आणि ती मोजत होती ऊन. दुसऱ्या एखाद्या गावात आळसामुळे बाजू बदलायची राहिली असती. इथे ती चांगुलपणामुळे राहिली.

बोरगाव मेघे

प्राणिगृहातल्या खाद्याच्या कोठीत एसी चालू होता. ती रिकामी करून पेटी तिथे हलवली, पण नव्या जागेत उंदरांना रुळायला एक दिवस द्यावा लागतो. त्या दिवशी सुखदेवभाऊंनी आम्हाला बोरगाव मेघेला चहाला नेलं. शहराच्या कडेला स्वतः बांधलेलं दोन खोल्यांचं घर, अंगणात कडुनिंब. त्यांची म्हातारी आई मुलाशी गोंडीत बोलत होती. तिने माझ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि काहीतरी विचारलं. सुखदेवभाऊ हसले.

"म्हणते, उंदीर पाहाले एवढ्या दुरून आल्या? तुमच्या गावात उंदीर नाईत का?"

मी म्हटलं, आहेत, पण ते माझं ऐकत नाहीत. हे त्यांनी तिला सांगितलं आणि म्हातारी खुदकन हसली. तिने मला मोहाची भाजलेली फुलं तिळाबरोबर कुटून केलेला लाडू दिला. गोड, थोडा धुरकट आणि दाताला चिकटणारा. तो खाताना बोलता येत नाही, आणि त्या दिवशी ते सोयीचंच होतं.

"चूक माही झाली का, मॅडम?" सुखदेवभाऊंनी निघताना विचारलं.

"दोघांची मिळून झाली," मी म्हटलं. "पण पाहुणा उकडून मेला असता तर तीही चूकच ठरली असती. खोली गार हवी होती."

परतताना मंजूषाने गाडी रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली लावली. "एक वर्ष गेलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "वर्षाचं काही नाही, ते पुन्हा काढता येईल. ताईला काय सांगू?"

"काय दिसतं ते उद्या बघू. जे दिसेल ते सांग."

"हे पुन्हा नीट करते, जास्त उंदीर घेते. पावसाळ्यानंतर पक्कं कळेल. तेव्हाच सांगितलं तर?"

"तोपर्यंत वेदचा क्लास बंदच राहील."

मी हे जरा कोरडेपणानेच म्हटलं. माझा स्वभाव तसा आहे आणि तो मला नेहमीच आवडतो असं नाही. तिचे डोळे भरले आणि मी समोरच्या काचेतून रस्ता बघत राहिले. मला तिची फार दया आली, पण माझं उत्तर बदललं नसतं.

कोठीतली परीक्षा

दुसऱ्या दिवशी कोठी गार होती. पाहुणा कोणत्या बाजूला ठेवायचा ते आता चिठ्ठी टाकून ठरत होतं. साधे उंदीर पाहुण्याकडे गेले. तो कुठेही असो, ते तिकडेच गेले. गोतावळ्यात वाढलेली औषधाची पिलं गेली नाहीत.

त्यातला एक माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. शेपटीवर निळी खूण असलेला. तो पाहुण्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेला, मिशा हलवून थांबला, मागे फिरला, अंग चाटून स्वच्छ केलं आणि रिकाम्या खोलीच्या कोपऱ्यात पाठ करून बसला. त्याला काही दुःख झालं होतं असं मला म्हणता येणार नाही. मला मात्र वाईट वाटलं.

मंजूषाने पडदा बंद केला. तिचा अंदाज कायमचा चुकला असं यातून सिद्ध होत नाही, एवढं मी तिला सांगितलं. ते खरं होतं. पण ज्या आकड्यांवर ती बोलली होती ते आकडे आता उरले नव्हते.

नालवाडी, पुन्हा

संध्याकाळी रूपाली अंगणात विळीवर कैऱ्या चिरत होती. लोणच्याची तयारी होती. वेद ओट्यावर होता. पोरं गल्लीच्या टोकाला क्रिकेट खेळत होती आणि तो त्यांच्याकडे पाहत नव्हता. मंजूषा कपडेही न बदलता तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. कूलर, पेटी, पाहुणा, काहीही राखून ठेवलं नाही. शेवटी म्हणाली, "मी तुम्हाला फोनवर सांगितलं ते चुकीचं होतं, ताई. संगतीनं नव्हते सुधारले ते. तुम्ही माझ्यामुळे क्लास सोडला."

रूपालीचा हात थांबला नाही. एक कैरी पूर्ण चिरून झाली.

"मंग ते पिल्लं एकटेच बसले?"

"हो."

"आन त्यायची माय?"

मंजूषाला कळलं नाही. "माय म्हणजे?"

"जिले सुई टोचली ती. तिचं काय करता तुमी?"

"पिलं वेगळी केली की तिला दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवतो."

"कोणाच्या संगतीत?"

मंजूषाने माझ्याकडे पाहिलं. "एकटीच असते," ती म्हणाली.

इतकी वर्षं मी हे काम करते. पिलांच्या मेंदूबद्दल मला लोकांनी हर तऱ्हेचे प्रश्न विचारले आहेत. मादीबद्दल हे कोणी विचारलं नव्हतं.

रूपालीने विळी आडवी केली आणि पदराला हात पुसले. "ऐक, मंजू. तू उंदरायचं सांगतलं तवा मले आर्धं समजलं बी नाई. पण त्या फ्लॅटमंदी मी आन हा, आन हा बोलत नाई. दिवस दिवस मी माणसाचा आवाज आयकत नव्हती. त्याच्या पप्पाले सांगतलं असतं का मले जीव नाई लागून राह्यला, तर ते म्हणले असते, सर्वेच राहतात. मंग म्या तुह्या उंदरायचं नाव सांगतलं. घरातली डॉक्टरीणबाई म्हणते म्हटल्यावर कोणी काई बोललं नाई." ती थांबली. "संगत मले पाह्यजे होती."

ओट्यावर वेद आपल्या डब्याच्या कडीशी खेळत होता. आम्ही तिघी त्याच्याकडे पाहत होतो.

"क्लासवाल्या बाईले उद्या फोन करते," रूपाली म्हणाली. "सोमवारी नेते त्याले. गाडीनं जाईन, संध्याकाळी वापस येईन."

"इथे?" मंजूषाने विचारलं.

"मंग कुठं?"

मंजूषा आत गेली आणि दुसरी विळी घेऊन आली. तिने जावेच्या शेजारी बैठक मारली, टोपलीतली एक कैरी उचलली आणि चिरायला घेतली.